पहिल्या सुईआधी कल्चरचं रक्त घ्यायचंच का?

मूळ धागा (स्टाफ नर्स, यवतमाळ जिल्हा)
मागच्या भादव्यात सासरे तापानं फणफणले. गावातल्या दवाखान्यात दोन दिवस सेफ्ट्रायॅक्सोन या अँटिबायोटिकच्या सुया झाल्या. मग धाप लागली, बीपी पडलं, नागपूरला हलवलं. तिथं ब्लड कल्चर, म्हणजे रक्त बाटलीत ठेवून जंतू वाढतात का ते पाहायची तपासणी, कोरं आलं. लघवीतला ई. कोलाय, छातीतला न्यूमोकोकस की पायाच्या जखमेतला स्टॅफ, कुठला जंतू होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. आधी सुया झाल्या की बाटलीत जंतू बरेचदा वाढतच नाहीत. म्हणून माझं ठाम म्हणणं: सेप्सिसचा (जंतुसंसर्गानं अवयव निकामी होऊ लागण्याचा) संशय आला की आधी दोन्ही हातांतून रक्त, मग सुई. दहा मिनिटांचं काम आहे.

प्रतिसाद (वैद्यकीय अधिकारी, गडचिरोली जिल्हा)
ताई, नाही पटलं. शॉकमधल्या (बीपी पार पडलेल्या) पेशंटला पहिल्या तासात अँटिबायोटिक गेलंच पाहिजे. बाटलीचं उत्तर यायला दोन-तीन दिवस. शिवाय आपल्याकडचा एक मोठा गुन्हेगार त्या बाटलीत कधीच दिसत नाही. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर विभागात स्क्रब टायफसनं, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापानं, माणसं गेली. त्याचा जंतू पेशीच्या आत राहतो, सेफ्ट्रायॅक्सोनला अजिबात दाद देत नाही. डॉक्सीसायक्लिन मात्र स्वस्त आणि चालणारं. कल्चरआधी पेशंटचे कपडे सोडवा. काख, जांघ, कमरेला नाडी बांधतात ती जागा बघा; चाव्याची काळी खपली तिथं लपते.

प्रतिसाद (शेतकरी, वर्धा जिल्हा)
डॉक्टर बरोबर बोलून रायले. माय धुऱ्यावरचं गवत कापून आली अन् आठ-दहा दिवसांनी हुडहुडी भरली. काखेत बिडीचा चटका बसल्यावानी काळी खपली, दुखे ना खाजवे. आमाले वाटलं गोचीड चावला. डॉक्सी सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप उतरला.

मूळ धागाकर्ती
दादा, आई बऱ्या झाल्या, बरं वाटलं. सासऱ्यांची काख कोणी पाहिली नव्हती, मीसुद्धा नाही. ते मला अजून खातं. पण खपली सगळ्यांना नसते. आणि डॉक्टर, पावसाळ्यात डॉक्सी जोडीला द्याच, मी कुठं अडवते? आज सेफ्ट्रायॅक्सोनला न जुमानणारा ई. कोलाय पेशंट घरूनच घेऊन येतो. कल्चर नसेल तर तिसऱ्या दिवशी औषध बदलायचं कशाच्या जोरावर?

प्रतिसाद (लॅब टेक्निशियन, अमरावती)
कल्चर घ्या, पण नीट घ्या. मोठ्या माणसाच्या बाटलीत आठ-दहा मिली रक्त लागतं, येतं दोन मिली. कातडी आणि झाकण स्पिरिटनं नीट पुसलेलं नसतं, मग कातडीवरचे जंतू वाढतात आणि भलतंच औषध सुरू होतं. आणि बाटली फ्रीजमध्ये ठेवू नका.

प्रतिसाद (वैद्यकीय अधिकारी)
ताई, शीर लगेच सापडली तर घेईन. सापडली नाही तर थांबणार नाही. पण आज रात्रपाळीला ट्रॉलीत एकही बाटली नाही.