मदत हवी आहे: तेरा वर्षांनी परत स्कायरिम, आणि मार्कार्थबद्दल खरं कोण बोलतंय?

शहापूरकर:

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

२०१२ च्या पावसाळ्यात टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटजवळ राहणाऱ्या मित्राच्या घरी मी स्कायरिम हा कॉम्प्युटर गेम खेळलो होतो. खेळ आला २०११ च्या ११ नोव्हेंबरला, आमच्याकडं पेन ड्राइव्हवरनं पोचायला पुढचा जुलै उजाडला. (कसा पोचला ते विचारू नका. आता रीतसर विकत घेतलाय.) इंजिनिअरिंगचे तीन विषय बॅक होते, बाहेर धो धो पाऊस, मित्राची आई भडंग आणून ठेवायची आणि आम्ही आळीपाळीनं ड्रॅगन मारायचो. कुणी बोलायला लागलं की बटण दाबून पुढं. पुस्तक दिसलं की उचलायचं आणि दुकानात विकायचं. शेवटचा मोठा ड्रॅगन अॅल्डुइन मारला, गावभर सांगितलं. खेळ संपवला, खरं कळलं काय? शून्य.

आता दुकान साडेआठला बंद होतं. जेवण झालं की दीड-दोन तास भाच्याचा लॅपटॉप माझा असतो. सहज म्हणून जुनं सेव्ह उघडलं, तर खेळातला माझा गडी मार्कार्थमध्ये उभा. दगडात कोरलेलं शहर, गावातनं पाणी वाहतंय. बाजूला एक पुस्तक पडलेलं, 'द बेअर ऑफ मार्कार्थ'. पहिल्यांदाच बसून वाचलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

न खेळलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मार्कार्थ ज्या रीच प्रांतात आहे तिथं मूळचे लोक रीचमन, आणि राज्य नॉर्ड लोकांचं. खेळातल्या चौथ्या युगाच्या १७४ साली, साम्राज्य महायुद्धात गुंतलेलं बघून, रीचमननी शहर घेतलं आणि मॅडनाक त्यांचा राजा झाला. १७६ साली अल्फ्रिक स्टॉर्मक्लोक या नॉर्ड सरदारानं ते परत जिंकलं. आम्ही खेळतो ते साल २०१, म्हणजे ही गोष्ट जेमतेम पंचवीस वर्षांपूर्वीची. नॉर्डांना विचाराल तर अल्फ्रिकनं शहर सोडवलं. पुस्तक म्हणतं, रीचमनांचं राज्य बऱ्यापैकी शांततेचं होतं, आणि अल्फ्रिकनं शरण आलेल्यांनाही सोडलं नाही. मग कैदखान्यातल्या मॅडनाकलाच विचारावं म्हटलं, तर आठवलं की त्याला मीच मारलाय. २०१२ मध्ये. एक शब्द न बोलता.

साक्षीदारच मारून बसलो म्हणायचा.

तर आता प्रश्न. हेच सेव्ह पुढं ओढू का नवा गडी करून पहिल्यापासून जाऊ? नवा केला तर पुस्तकं कुठल्या क्रमानं वाचावीत? तीनशेच्या वर आहेत म्हणतात, आणि 'लस्टी आर्गोनियन मेड'सारखं चावट काही वाचण्यात माझा वेळ घालवायचा नाही. (ते एक २०१२ मध्येही वाचलं होतं, खोटं कशाला बोला.) आणि तिसरं, ड्रॅगनच्या लिपीतल्या त्या भिंतींवर खरंच काही लिहिलेलं असतं का नुसती नक्षी?

कृपा करून 'विकी वाच' म्हणू नका. विकीवर सगळं एका सुरात लिहिलेलं असतं. कोण खोटं बोलतंय ते तिथं उमगत नाही.

*

रात्रपाळी:

विकी वाच. 😄

*

खानापूरच्या_रानातला:

वरच्या पाव्हण्याकडं लक्ष देऊ नका. भिंतींचं मी सांगतो, तो माझा आवडता विषय.

नक्षी नाही, लिहिलेलंच आहे. ३४ अक्षरांची लिपी आहे, त्यातली काही अक्षरं जोडअक्षरासारखी, दोन आवाज एकात घेणारी. अक्षरं ड्रॅगनच्या नख्यांनी ओरखडल्यासारखी दिसतात. तुम्ही भिंतीजवळ गेलात की एक शब्द चमकतो, तो तुमच्या गर्जनेचा, म्हणजे ड्रॅगनच्या भाषेत ओरडून करायच्या जादूचा. आम्ही सगळे तेवढाच घेऊन पळालो. खरं त्या शब्दाच्या मागंपुढं अख्खं वाक्य आहे. अमका इथं पडला, तमकीनं आपल्या भावासाठी हा दगड उभारला, असं. एका भिंतीवर इग्लिफ नावाच्या माणसाचा देह इथं आहे म्हणून लिहिलंय, आणि तो रणात मेला नाही, हिवानं मेला असं स्पष्ट सांगितलंय. त्या वाक्यातला हिवाचा शब्द तेवढा चमकतो आणि तुम्हाला तोंडातनं बर्फ फुंकायची विद्या मिळते.

आपल्याकडं देवळाबाहेर शेंदूर फासलेले वीरगळ असतात बघा. खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवलिंग. अर्धे लोक त्यांना देव समजून नारळ फोडतात, कुणाचा दगड ते कुणालाच ठाऊक नसतं. या भिंती म्हणजे तेच. वही घ्या, अक्षरं उतरवा. पहिल्या तीन भिंतींना दोन-दोन तास लागतील, नंतर हात बसतो.

डोंगरावरच्या हाय ह्रोथगार मठाला जाताना त्या सात हजार पायऱ्यांवर दहा कोरीव पाट्या आहेत, त्याही वाचत जा. यल्लम्माच्या डोंगरावर जाताना वाटेतल्या प्रत्येक देवापुढं थांबतो तसं. दहाही वाचल्या की दिवसभर रानातलं जनावर अंगावर येत नाही.

*

शहापूरकर:

वीरगळ! तेरा वर्षांत हे डोक्यात आलं नाही. आभार.

यावरनं आठवलं. कॉलेजात असताना सरांबरोबर हलशीला गेलो होतो. तिथल्या कदंबांच्या देवळातल्या शिलालेखावर सरांनी ओला कागद बसवला, ब्रशनं ठोकून ठोकून खाचांत घातला आणि वरनं शाईचा बोळा फिरवला. ठसा सुरेख आला, खरं आमच्यातल्या एकालाही वाचता येईना. बसच्या पाट्या वाचण्याइतकं कन्नड सगळ्यांना येत होतं, बाराव्या शतकातलं कोण वाचणार? आणि याच खेळात चोरांच्या टोळीच्या कामात मी कागदाची गुंडाळी आणि कोळसा घेऊन मार्कार्थच्या कॅल्सेल्मो नावाच्या विद्वानाच्या दगडाचा ठसा घेतला होता. त्या दगडावर काय होतं हो? मी ठसा देऊन पैसे घेतले नि सुटलो.

*

निपाणीकर:

त्या दगडावर एकच मजकूर दोन भाषांत आहे, म्हणून तर त्याची एवढी किंमत. एक प्राचीन एल्फांची, दुसरी फॉल्मरांची. मजकूर असा की नॉर्डांच्या मारापासून पळालेल्या हिम-एल्फांना जमिनीखाली राहणाऱ्या ड्वेमरांनी आसरा दिला, आणि बदल्यात त्यांचे डोळे घेतले. गुहेतनं अंगावर धावून येणारे ते आंधळे फॉल्मर म्हणजे हेच. मी ते समजल्यावर आठवडाभर एकाही फॉल्मरवर बाण सोडला नाही. नंतर सोडला, ते काय हात जोडून थांबत नाहीत.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं. नवा गडी करा. जुन्या सेव्हमध्ये मॅडनाक मेलेला आहे तो मेलेलाच राहणार. नव्या गड्यानं मार्कार्थमध्ये पाय ठेवला की बाजारात एका बाईवर हल्ला होतो, तिथनं प्रकरण सुरू होतं. या वेळी धावू नका. शेवटी शिपाई तुम्हालाच सिदना खाणीत, म्हणजे मॅडनाकच्या कैदखान्यात, डांबतील. हत्यार काढून लढू नका, मुकाट आत जा.

आणि पुस्तकांचा क्रम विचारलात, तर माझं मत जरा वेगळं आहे. क्रम सोडा, लेखकाचं नाव बघा. 'द बेअर ऑफ मार्कार्थ' कुणी लिहिलंय? एरियनस एरियस. साम्राज्याचा विद्वान. रीचमनांची बाजू समजून घेणारं 'द मॅडमेन ऑफ द रीच' कुणाचं? त्याचंच. रीचमनांच्या जुन्या वीराची गोष्ट सांगणारं 'द लेजंड ऑफ रेड ईगल' विंटरहोल्डच्या एका दप्तरदाराचं. म्हणजे भांडण दोघांचं, आणि लिहिलंय सगळं तिसऱ्यानं. त्यात साम्राज्य आणि अल्फ्रिक आज एकमेकांच्या जिवावर उठलेले, मग अल्फ्रिकला वाईट ठरवणारं पुस्तक साम्राज्याच्या माणसानं लिहावं याचं नवल काय? पुस्तक खोटं आहे असं म्हणत नाही. कुणाच्या दौतीतली शाई आहे तेवढं ध्यानात ठेवा. जोडीला थाल्मोर, म्हणजे महायुद्धात साम्राज्याशी लढलेल्या एल्फांच्या, वकिलातीत अल्फ्रिकची फाइल सापडते ती वाचा. मार्कार्थमध्ये जे झालं ते आपल्या फार फायद्याचं ठरलं, असं तिसऱ्याच्याही पलीकडचा चौथा त्यात लिहून ठेवतो.

रीचमनांचं स्वतःचं पुस्तक मला तरी मिळालेलं नाही. त्यांचं सगळं तोंडी. म्हणून खाणीत मॅडनाक तुम्हाला ब्रेग नावाच्या कैद्याशी बोलायला सांगेल, तेव्हा बटण दाबू नका. त्याची मुलगी एकदाच मॅडनाकशी बोलली होती, तेवढ्यावरनं तिचं डोकं उडवलं, बापाला बघायला लावून. या वर्षी ती तेवीस वर्षांची झाली असती, असं तो म्हणतो. हे कुठल्याही पुस्तकात नाही.

आमच्या आजोबांकडं १९५६ च्या गोष्टी होत्या आणि शेजारच्या कन्नड मास्तरांकडंही होत्या. दोघं रोज संध्याकाळी एकाच कट्ट्यावर बसायचे. एकाचं साल दुसऱ्याला पटायचं नाही, चहा मात्र एकाच किटलीतला.

*

रात्रपाळी:

म्हणजे बेळगाव नॉर्डांचं का रीचमनांचं? 😄

*

संपादक:

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिकडं जा. इथं फक्त स्कायरिम.

*

घटप्रभा:

मी फार खेळलेली नाही, भावाचं बघून बघून शिकले. मार्कार्थ झालं की उत्तरेकडच्या फ्रॉस्टफ्लो दीपगृहात जा, तिथं कुणी पाठवण्याची वाट बघू नका. हॅब्ड नावाच्या माणसाचं कुटुंब तिथं राहायला आलेलं. आधी बायकोचं प्रेत दिसतं, मग मुलांच्या चिठ्ठ्या, मग तळघरात खाली खाली. हॅब्डचे अवशेष शेवटी एका किड्याच्या पोटात सापडतात, ते नेऊन वरच्या आगीत ठेवा. त्याची तीच इच्छा असते, वहीत लिहिलेली. ठेवलं की एक छोटं वरदान मिळतं. खरं तर मला वरदानापेक्षा मुलांच्या चिठ्ठ्याच लक्षात राहिल्या. रात्री एकट्यानं करू नका.

*

शहापूरकर:

दहा दिवसांनी परत आलो. सगळ्यांचे आभार, रात्रपाळीचेसुद्धा.

नवा गडी केला. बाजारातल्या बाईला या वेळी वाचवली, नाव मार्गरेट. मागच्या वेळी ती मेली होती आणि मी तिच्या अंगावरची साखळी काढून विकली होती, हे आता आठवलं. खाणीत गेलो. ब्रेगचं ऐकलं. मग मॅडनाकपुढं उभा राहिलो आणि तो बोलला. आपल्याला जिवंत ठेवणारा थोनार सिल्व्हर-ब्लड आहे, चांदीच्या खाणीचा मालक, आणि फॉर्सवॉर्नांचा, म्हणजे बंडखोर रीचमनांचा, धाक तो स्वतःच्या फायद्यासाठी वापरतो, हे त्याच्या तोंडून ऐकलं. हे नाव तुमच्यापैकी कुणीच काढलं नव्हतं. मुद्दाम ना?

आता त्याच्याबरोबर पळायचं का त्याला मारायचं, इथं अडलोय. पळालो तर बाहेर गावात रक्त सांडणार, मारला तर परत तेच. ठरवणार एवढ्यात लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटांची, सेव्ह करून झाकण लावलं. वहीत चार पानं भरलीत, दोन ड्रॅगनची आणि दोन ब्रेगची.

निपाणीकर, तुम्ही काय केलं होतं तिथं?