ऑनलाइन वाचनगट काढलात? पहिलं पुस्तक कसं ठरलं ते सांगा (अनुभव धागा)

रानजाई

आमच्या शाळेच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. वर्षानुवर्षं त्यावर सुप्रभात आणि वाढदिवसाचे केक एवढंच चालायचं. दिवाळीत कुणीतरी पिल्लू सोडलं, 'आपण मिळून एखादं पुस्तक वाचू या का?' आणि चक्क पंधरा-वीस जण तयार झाले. सांगली, पुणे, कुवेत, डब्लिन अशी मंडळी पांगलेली आहेत, त्यामुळे भेटायचं ते ऑनलाइनच. इथवर सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. मग मी विचारलं, 'कुठलं पुस्तक?' तेव्हापासून घमासान सुरू आहे. एकाला 'मृत्युंजय' हवंय, एकीला फक्त नवे लेखक हवेत, एकजण म्हणतो सेल्फ-हेल्प घ्या, निदान काही उपयोग तरी होईल.

ज्यांनी असे गट काढलेत, चालवलेत किंवा बंद पडताना पाहिलेत, त्यांनी लिहा. 'वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं' छापाच्या याद्या नकोत, त्या ढिगाने मिळतात. पहिलं कुठलं घेतलंत, का, आणि पुढे काय झालं, एवढंच सांगा.

खडूस_वाचक

आमचा गट ऑफिसातला, लॉकडाऊनमध्ये निघालेला. सुरुवातीलाच एक सांगून टाकतो: पहिलं पुस्तक मतदानाने ठरवू नका. लोक जे वाचणार असतात त्याला मत देत नाहीत, जे वाचतो असं चारचौघांत दिसावं त्याला देतात. आमच्याकडे एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी भरघोस मतांनी निवडून आली. मग टेस्टिंगमधल्या एका अबोल मुलीने विचारलं, 'किती जणांकडे आहे ही?' कुणाकडेच नव्हती. तिनेच मग सुचवलं, 'बनगरवाडी'. बारीकसं पुस्तक, १९५५ पासून छापलं जातंय, कुठल्याही वाचनालयात असतं.

अर्ध्या लोकांना वाटत होतं की हे गावाकडच्या गोड आठवणींचं काहीतरी असणार. पण चर्चा अडकली ती तालमीवर. मास्तर गावाकडून तालीम बांधून घेतो, औंधचे राजेसाहेब येतात, सोहळा होतो, आणि मग दुष्काळ पडून गावच उठून जातं. आमचा एक प्रोजेक्ट मॅनेजर शांतपणे म्हणाला, 'क्लायंटला काय हवंय ते न विचारता केलेलं काम आहे हे.' झालं. एक बाई अशा काही भडकल्या की बस! त्यांचे वडील झेडपीच्या शाळेत मास्तर होते. 'गावाने पहिल्यांदा एकत्र येऊन स्वतःचं काहीतरी उभं केलं, त्याची किंमत तुम्ही टिकलं की नाही यावर ठरवणार?' त्या बोलत असतानाच झूमची फुकटातली ४० मिनिटं संपली आणि सगळे फेकले गेलो. वाटलं, आटोपलं आता. मिनिटभरात सगळे परत त्याच लिंकवर हजर, आणि बाईंनी अर्धं राहिलेलं वाक्य जिथल्या तिथे पुरं केलं.

गट अजून चालू आहे. प्रोजेक्ट मॅनेजर आणि त्या बाई अजून भांडतात.

जाता जाता, पान नंबर सांगून चर्चा करू नका. प्रत्येकाकडे वेगळी आवृत्ती असते. 'पान ६२ वर बघा' म्हटलं की पाच मिनिटं सगळे नुसते पानं उलटत बसतात. प्रसंग सांगा, नाहीतर वाक्य वाचून दाखवा.

वऱ्हाडी_ठेचा

खडूसराव, मतदानाबद्दल अनुमोदन.

मी बँकेतून निवृत्त झालो, मुक्काम अमरावती. आमचा गट म्हणजे भावंडं, सुना, जावई, भाचरं, हैदराबादपासून ठाण्यापर्यंत. मी कुणाला विचारलंच नाही, मोठेपणाचा फायदा घेऊन सांगून टाकलं की उद्धव शेळक्यांची 'धग' घ्यायची. १९६० ची कादंबरी, आपल्याच मुलखातली. संवाद वऱ्हाडीत आहेत म्हणून पुण्याची सूनबाई धास्तावली. 'बाबा, मला अर्धं कळणार नाही.' म्हटलं, तूच वाच मग मोठ्याने.

तर दर रविवारी गूगल मीटवर वाचन. तिथे फुकटात तासभर मिळतो, आमच्या डोळ्यांना तेवढा पुरतो. सूनबाई नायिका कौतिकचं बोलणं सदाशिवपेठी हेल काढून वाचायची आणि माझी धाकटी बहीण, जी एरवी मीटिंगमध्ये स्वतःला म्यूटवरून काढायला विसरते, ती मधेच ओरडायची, 'अवं 'काहून' असं नाही, 'काऽहून'! रागात आहे ते बाई!' हसता हसता वाचन थांबायचं. पण कौतिकच्या संसाराची जसजशी वाताहत होत गेली, नवऱ्याच्या शिंपीकामाचं काही खरं नाही हे दिसायला लागलं, तसतसं हसणं कमी झालं. माझ्या एका भावजयीने एरवी कधी न काढलेला विषय काढला, लग्नानंतर शिवणाच्या मशीनवर घर चालवलं ती वर्षं. तीसेक वर्षांत आम्हा भावांना तिने हे सांगितलं नव्हतं. की आम्ही विचारलं नव्हतं, देव जाणे.

मोठ्याने वाचण्याचा एक फायदा म्हणजे 'मी वाचून आलो नाही' ही सबब राहत नाही.

रानजाई

काका, 'काऽहून' ऐकू आलं अगदी! ठेवते यादीत.

एक अडचण विचारते. आमच्या ग्रुपवर एकाने आत्ताच सात-आठ पीडीएफ टाकल्यात, 'घ्या, फुकटात सोय' म्हणून. त्यातली बरीचशी आजच्या लेखकांची आहेत. काय करावं?

शिक्का_तारीख

तालुक्याच्या 'ब' वर्ग वाचनालयात काम करते, म्हणून हक्काने सांगते. त्या पीडीएफ काढायला लावा.

हिशेब सोपा आहे. लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांना खुलं आहे. हरिभाऊ आपटे १९१९ साली गेले, त्यांचं 'पण लक्षात कोण घेतो' तर कधीचंच खुलं आहे. हे विकिस्रोतावरून किंवा कुठूनही बिनदिक्कत घ्या. पण वर आलेलं 'बनगरवाडी' घ्या: माडगूळकर गेले २००१ साली, म्हणजे २०६१ संपेपर्यंत ते विकतच घ्यायचं, नाहीतर आमच्याकडून न्यायचं.

'मराठी पुस्तकं खपत नाहीत' म्हणून हळहळणारी मंडळी आणि पीडीएफ फॉरवर्ड करणारी मंडळी बऱ्याचदा तीच असतात, हे माझं खासगी निरीक्षण.

आणखी एक. गटाने पुस्तक ठरवलं की आमच्यासारख्यांना एक फोन करा. साधारण एकच प्रत असते हो आमच्याकडे. गावातले चौघे सभासद एकदम मागायला आले की तीन जण हात हलवत परत जातात. आधी कळलं तर पुढच्या खरेदीत आणखी एखादी प्रत धरता येते, किंवा निदान घरपोच फिरवाफिरवीचा क्रम लावून देता येतो.

जर्सीकर_आई

आम्ही न्यू जर्सीतल्या काही आया-बाबा आणि आमची दहा ते चौदा वर्षांची पोरं. पोरांना मराठी समजतं, बोलतात धेडगुजरी, देवनागरी वाचताना मात्र घाम फुटतो. 'श्यामची आई' घेतलं. एक तर खुलं आहे, दुसरं म्हणजे 'रात्र पहिली, रात्र दुसरी' अशी आयतीच वाटणी आहे. आठवड्याला एक रात्र, पालकांनी वाचायची, पोरांनी ऐकायची. पान नंबरांची कटकटच नाही.

मला वाटलं होतं पोरं कंटाळतील आणि आम्ही मोठे डोळे पुसू. सुरुवातीला तसंच झालं. मग आली पोहण्याची गोष्ट. श्याम विहिरीवर जायला घाबरतो, माळ्यावर लपून बसतो, आई त्याला फोडून काढते आणि पोहायला पाठवते, नंतर जवळ घेऊन दही देते. माझ्या लेकीचा हात वर. 'ही चांगली आई आहे असं तुम्ही का म्हणता?' एका बाबांनी 'तेव्हाचा काळ वेगळा होता' सुरू केलं. लगेच दुसरा पोरगा म्हणाला, त्याला स्विमिंगच्या पहिल्या दिवशी असंच कोचने ढकललं होतं आणि त्याला ते मुळीच आवडलं नव्हतं, पण आता तो टीममध्ये आहे, तर कोच बरोबर होता की चूक? आया दोन गटांत, बाबा तिसऱ्याच. एका आजीबाई भारतातून जोडलेल्या असायच्या, त्या म्हणाल्या, 'तिने मारलं त्यापेक्षा नंतर तिला स्वतःला वाईट वाटलं, ते बघा.' त्यावर लेक: 'मग सॉरी म्हणायचं ना!'

मला वाटतं आमच्या गटाचा खरा जन्म त्या दिवशी झाला. त्याआधी आम्ही संस्कारवर्ग चालवत होतो.

एकांडा_शिलेदार

सगळेच 'छोटं घ्या, सोपं घ्या, सगळ्यांना झेपेल असं घ्या' म्हणतायत. मला पटत नाही.

आम्ही 'कोसला'ने सुरुवात केली. ठरवून. निम्मे लोक शंभर पानांच्या आत गळाले. एक काका तर चिडून गेले, म्हणाले या पांडुरंगाला कामाला लावा, सगळं ठीक होईल. जाऊ दे. जे राहिले ते काहीतरी म्हणायचं होतं म्हणून राहिले. साठी उलटलेल्या एक बाई होत्या, त्यांना नायक अजिबात आवडत नव्हता, आळशी आणि बापाचा पैसा उडवणारा. पण मनीच्या मृत्यूचा भाग आला तेव्हा त्या म्हणाल्या, 'हा पोरगा मला अजून आवडत नाही. पण बहीण गेल्यावर हा जे बरळतो ते बरोबर बरळतो. असंच होतं डोकं.' पुस्तक आवडणं आणि पुस्तक खरं वाटणं या वेगळ्या गोष्टी आहेत, यावर पुढच्या दोन बैठका गेल्या. सगळ्यांना आवडेल अशा पुस्तकावर बोलायला काय असतं? 'छान आहे', 'हो ना, छान आहे', आणि मग कुणाच्या तरी घरी फोडणी जळते.

खडूस_वाचक

शिलेदार, सगळ्यांना झेपेल असं आणि सगळ्यांना आवडेल असं यात गल्लत होतेय तुमची. 'बनगरवाडी' सगळ्यांना झेपली. आवडली कुठे?

एकांडा_शिलेदार

मान्य. पण काकांना परत बोलावणार नाही.

मांडवीकाठ

पणजीहून. आमच्या गटात बोलणं कोकणीत, पुस्तकं मराठी आणि इंग्रजी दोन्ही, आणि माणसं हिंदू नि कॅथलिक मिसळ. कॅथलिक मित्रांपैकी बऱ्याच जणांची कोकणी रोमी लिपीतली, देवनागरी त्यांना जड जाते. त्यामुळे पहिलं पुस्तक असं हवं होतं की जे मराठीतून आणि इंग्रजीतून एकाच वेळी वाचता येईल. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' निघालं. शांता गोखल्यांचा इंग्रजी अनुवाद २०१७ साली आलेला आहे.

त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी १८९५ साली धर्म बदलला तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय गुदरलं, हा आमच्याकडे नाजूक विषय होईल अशी मला धाकधूक होती. गोव्यात धर्मांतर म्हटलं की चारशे-पाचशे वर्षांचं ओझं येतं मागून. पण बाईंच्या विनोदाने वाट करून दिली. वडिलांच्या सोवळ्याचे किस्से ऐकून एक मैत्रीण म्हणाली, 'अगो, आमच्या वायंगिणीतली मावशी अशीच, फक्त ती क्रिस्तांव!' मग प्रत्येकाने आपापल्या घरातले विटाळ काढले, आणि ते दोन्हीकडे सारखेच निघाले.

ऐकीव

एक बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरने वाचतो.

मी आधी ज्या गटात होतो तिथे पुस्तक ठरलं, आणि ते मला वाचता येईल अशा रूपात कुठे मिळालं नाही. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे आमच्या दृष्टीने नुसता फोटो. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल उघडली तर रीडर अगम्य इंग्रजी अक्षरं बडबडत सुटतो. युनिकोडमधलं ई-पुस्तक किंवा ध्वनिपुस्तक असेल तर काही प्रश्न नाही. अंध वाचकांसाठी पुस्तकांचं रूपांतर करायला २०१२ पासून आपल्या कायद्यात मुभा आहे, आणि 'सुगम्य पुस्तकालय' हे आमच्यासारख्यांसाठीचं ऑनलाइन वाचनालय २०१६ पासून चालू आहे. पण तिथे नसलेलं पुस्तक तयार करून घ्यायचं तर वेळ लागतो.

त्यामुळे रानजाई, तुमच्या बॅचमध्ये कुणी माझ्यासारखं, किंवा मोतीबिंदूमुळे बारीक टाइप न वाचू शकणारं आहे का, हे आधी विचारा. पन्नाशीच्या पुढची बॅच असेल तर निघेलच कुणीतरी. सगळ्यांच्या हातात पुस्तक पडेल तेव्हाच तारीख ठरवा.

वाळूचा_कण

कुवेत म्हणालात म्हणून राहवलं नाही, मीही तिथलाच. आमच्या गटातले सगळे आखातात, बरेचसे एकटे, बायका-पोरं भारतात. पुस्तक यायचं ते सुट्टीहून परतणाऱ्याच्या बॅगेतून, आणि त्या बॅगेत आधीच चकली, लोणचं आणि आईने कोंबलेलं मेतकूट. त्यामुळे जाड पुस्तकं बाद. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' आणलं, १९३९ चं, दोन बैठकींत संपतं.

युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, हिटलरच्या तावडीतून सुटलेली हॅर्टा, आणि चक्रधर. 'चक्रधर पळपुटा आहे का?' हा प्रश्न एकाने सहज टाकला. घरापासून दूर राहणाऱ्या पुरुषांच्या टोळक्यात तो सहज राहत नाही. एकजण त्याची वकिली करताना इतका तापला की बाकीच्यांनी मुद्दाम विषय बदलला. पुढच्या वेळी त्यानेच तो परत काढला, आणि या खेपेला उलट बाजूने बोलला.

आता तुमच्या कामाचं. तुम्ही मंडळी बहुतेक रविवारी रात्री आठ ठरवाल. आमची सुट्टी शुक्रवार-शनिवार, रविवारी आम्ही कामावर असतो, आणि तुमच्या आठला आमचे साडेपाच, म्हणजे बरेच जण गाडीत. डब्लिनकराला थंडीत अडीच, उन्हाळ्यात साडेतीन, त्याला फरक पडत नाही. शनिवार धरा. आणि तुमच्या बॅचचा कुवेतवाला पुस्तक शोधत असेल तर मला निरोप टाकायला सांगा, 'रणांगण'च्या दोन प्रती आहेत माझ्याकडे.