सोलापुरात पदव्युत्तर शिक्षण (पीजी) हवंच कशाला म्हणे!

शेंगाचटणी: काल इथं एकानं लिहिलं, "सोलापूर विद्यापीठानं पीजीचे पाचच विषय ठेवावेत. ज्याला खरंच शिकायचंय तो हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जातोच." डोकं फिरलं वाचून. 2004 साली एका जिल्ह्यासाठी वेगळं विद्यापीठ झालं ते कशाला? आधी विद्यापीठाच्या कामाला कोल्हापूर गाठावं लागायचं, विसरलात? विड्या वळून पोरीला शिकवणाऱ्या बाईला पुण्यातलं कॉट बेसिसचं भाडं सांगून बघा एकदा. कुठले विषय शिकवायचे त्याचा आराखडा इथलं बघून करा की. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावात, विद्यापीठही केगावात. चादर-टॉवेलचे कारखाने गावातच. अजून काय पाहिजे?

हिशोबी: मीच तो. रिकामे वर्ग बंद करा म्हटलं, विद्यापीठ नाही. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानं पाच वर्षांचा बृहत् आराखडा, म्हणजे कुठं काय शिकवायचं त्याचं नियोजन, करावाच लागतो. त्यात बंद काय करायचं हेही लिहा, एवढंच. आता चार वर्षांची पदवी घेतलेल्याला पीजी एकच वर्षाचं. वर्ग भरणार कुठून?

तासिकावाली: आणि शिकवणार कोण? मी सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, पास. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, जितके तास तितकेच पैसे. सत्र संपलं की घरी, मानधन कधी येईल ते देव जाणे. आराखड्यात माझ्यासारखीला 'उपलब्ध मनुष्यबळ' म्हणतात.

हिशोबी: ताई, भरतीची मंजुरी शासनाकडे. धाग्याचा विषय तो नाही.

तासिकावाली: नाही कसा? प्राध्यापकच नाही त्या विषयाला पोरं येतील कशी? आधी जागा भरायच्या नाहीत, मग वर्ग रिकामा म्हणून कुलूप. छान हिशोब!

भीमाकाठ: स्पष्ट बोलू? माझ्या पुतण्यानं एम.ए.ला प्रवेश घेतला तो हॉस्टेलसाठी. दिवसभर एमपीएससीची अभ्यासिका. प्राध्यापक भरले तरी हा वर्गात बसणार नाही.

तासिकावाली: तुमच्या पुतण्यावरून जिल्ह्याचं ठरवायचं का ओ काका? माझ्या वर्गात सांगोल्याहून येणाऱ्या पोरी आहेत. एसटी चुकली तरच तास चुकतो त्यांचा.

भीमाकाठ: माझ्या घरच्यांवर येऊ नका.

तासिकावाली: तुम्हीच आणलंत त्याला मध्ये.

शेंगाचटणी: अरे डाळिंबाचं कुणी बोलेल का?

हिशोबी: बोलतो की. घ्या, सहावा विषय डाळिंब, मान्य. आणि ताईंचंही घ्या: जागा भरल्याशिवाय कुलूप नको. फक्त ते डाळिंब तरी तासिका तत्त्वावर शिकवू नका.

तासिकावाली: जाहिरात निघाली की कळवा. अर्ज तयारच असतो.