मदत हवी आहे: उत्सवात एकामागोमाग वाजवणारे स्थानिक बँड, मधला वेळ कसा वाचवायचा?

मंडळी, आमच्या छोट्या उत्सवात एकाच संध्याकाळी पाच स्थानिक बँड आणि दोन एकल गायक आहेत. स्टेज आणि साउंड माझ्याकडे आहे. मुलं हौशी असली तरी जीव तोडून तालीम करतायत, त्यामुळे त्यांचं वाजवणं लोकांपर्यंत नीट पोहोचावं असं मनापासून वाटतं.

खरी अडचण दोन बँडच्या मधल्या वेळेची आहे. तो लांबला की लोक उठून जातात आणि पुढच्या बँडला रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवावं लागतं. ड्रमसेट आणि बेस अँप सगळ्यांना एकच ठेवतोय. स्नेअर, सिंबल आणि किक पेडल ज्याने त्याने आणायचं. साउंडचेक (कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी) उलट्या क्रमाने, शेवटच्या बँडपासून घेणार, म्हणजे पहिल्या बँडची मांडणी स्टेजवर तशीच राहील. पण मिक्सर १६ चॅनेलचा अ‍ॅनालॉग आहे, सेटिंग सेव्ह होत नाही. प्रत्येक बँडनंतर नॉबचे फोटो बघून परत लावणं जमतं का? की ढोबळ गेन (मिक्सरमध्ये येणारा आवाज किती वाढवायचा ते) ठेवून नुसता लाइन चेक, म्हणजे प्रत्येक माइक-वाद्याचा आवाज येतोय का एवढंच बघणं, पुरतो?

दुसरं, मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून स्टेजवर ठेवलेले स्पीकर. साधा कार्डिऑइड माइक (समोरचा आवाज घेणारा, पाठीमागचा जवळजवळ न घेणारा) असेल तर आवाज परत माइकमध्ये शिरू नये म्हणून मॉनिटर बरोबर त्याच्या पाठीमागे ठेवतो. एक गायिका स्वतःचा सुपरकार्डिऑइड आणणार आहे, आणि तो पाठीमागूनही थोडा आवाज पकडतो. तिच्यासाठी मॉनिटर तिरके ठेवले, तर दर वेळी हलवायचे कोणी?

शिवाय गिटारवर एकटा गाणारा मुलगा दणदणीत बँडनंतर नको, असं माझं मत आहे. तुम्ही क्रम कसा लावता?