मदत हवी आहे: लहान मूल घेऊन ठाण्यात खरेदी आणि हॉटेल, यातून काही धंदा निघेल का?

नमस्कार मंडळी, धागा चिडून लिहितेय त्यामुळे लांबलाय, आधीच सांगते.

आम्ही घोडबंदर रोडला राहतो, मुलगी पावणेदोन वर्षांची, नोकरी मी डिलिव्हरीनंतर सोडली. परवा रविवारी नणंदेच्या लग्नाच्या साड्या घ्यायला गोखले रोडला गेलो आणि स्ट्रोलर बरोबर घेतला, तिथेच चुकलं. फुटपाथवर चपला आणि क्लचरवाले, म्हणून रस्त्यावरून ढकलायला गेले तर मागून रिक्षावाल्याचा हॉर्न थांबेना, शेवटी नवऱ्याने स्ट्रोलर घडी करून काखेत मारला आणि मुलगी माझ्या कडेवर. दुकान पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद. साड्या उलगडल्या की आमच्या बाईसाहेब बिस्किटाच्या हातांनी त्यावर नाचायला तयार. डायपर कुठे बदलू विचारलं तर तिथली मुलगी बिचारी म्हणाली ट्रायल रूममध्ये स्टूल आहे बघा. पाच साड्या घ्यायच्या होत्या, दोन झाल्या. दुकानदाराचंच नुकसान ना हे? त्याला कोण सांगणार.

मग जेवायला. हॉटेलात बेबी चेअर एकच, ती अर्ध्या तासाने मिळाली तर पट्टा तुटलेला, माझ्या ओढणीने बांधलं पोरीला. 'अजिबात तिखट नको' असं तीनदा सांगून मागवलेल्या वरणावर लाल मिरचीची फोडणी. भात मोकळा फडफडीत, तो ती गिळत नाही. दही मागितलं तर रायता आला, त्यात पण तिखट भुरभुरवलेलं! मी स्वतः मामलेदारची मिसळ खाऊन मोठी झालेली, मला तिखटाचं काही नाही हो, पण पोराला मऊ भात, तूप, मेतकूट एवढं कुठेच मिळू नये? पूर्ण प्लेटचे पैसे दिले, पोटात गेले चार घास.

तर घरी येताना रिक्षात डोक्यात दोन गोष्टी आल्या.

एक म्हणजे गोखले रोड किंवा राम मारुती रोडला एखादी खोली, तिथे तासाच्या हिशोबाने मूल सांभाळायचं, डायपर बदलायला आणि फीडिंगला जागा, आईबाबा निवांत खरेदी करून येतील. दुसरी म्हणजे बिनतिखट जेवणाचे छोटे डबे, घरून. नाचणी सत्व, मुगाचं धिरडं, उकड, मऊ खिचडी वगैरे. सुरुवातीला सोसायटीतल्या सहा महिन्यांच्या पुढच्या बाळांना फ्री सँपल द्यावं असा विचार आहे.

हाताशी साधारण ६० हजार आहेत. नवरा म्हणतो ही तुझी चिडचिड आहे, धंदा नाही. जाणकारांनी सांगा. लायसन्स काय लागतं? आणि यातलं आधी काय करू?

तलावपाळीकर: पहिली आयडिया विसर. त्या रस्त्यांवरचं भाडं बघितलंस का? ६० हजार डिपॉझिटलाही पुरणार नाहीत. आणि खरं सांग, पावणेदोन वर्षांचं पोर तू अनोळखी बाईकडे दीड तास टाकून साड्या बघत बसशील? तूच टाकणार नसशील तर गिऱ्हाईक कोण? डायपर बदलायला जागा मात्र प्रत्येक दुकानाने द्यावी, पुरुषांच्या टॉयलेटमध्ये पण, बापांचे पण हाल होतात. +१.

डबेवाली_वाशी: ताई, मी सहा वर्षं डबे देते. फ्री सँपलचं आधी थांबवा!! दोन वर्षांच्या आतल्या बाळांसाठी म्हणून पॅक केलेलं खाणं विकायला गेलात तर १९९२ चा कायदा आहे, त्यात जाहिरात, फुकट सँपल सगळ्यावर बंदी आहे. लोकांना वाटतं तो फक्त दूध पावडरचा आहे, तसं नाही. त्यामुळे सत्वाच्या पुड्यांवर 'बाळांसाठी' लिहायच्या फंदात पडूच नका. ताजं शिजवलेलं, घरच्यासारखं, दोन वर्षांच्या पुढच्या मुलांना द्या. घरून विकलं तरी एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचं, रजिस्ट्रेशन लागतं, ते त्यांच्याच फोसकॉस नावाच्या साइटवर स्वतः भरता येतं, १४ आकडी नंबर मिळतो. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी, सरकारी साइटवर फुकट आहे, त्याचे पैसे मागणारे एजंट भेटतील, देऊ नका. आणि सोसायटीत आधी बोलून ठेवा, नाहीतर वार्षिक सभेत तुमच्याच वासांचा विषय.

खारघरची_सून: हॉटेलांच्या मागे लागू नकोस गं. त्यांना एका पोराच्या वरणासाठी वेगळी कढई चढवायची नसते. माझ्या पुतण्याच्या मुंजीत मोठ्यांना जेवण एक नंबर आणि बारकी पोरं सगळी जिलबी आणि पापडावर. बारसं, मुंज, वाढदिवस, तिथे पोरांचं वेगळं ताट कोणी आणून दिलं तर मी तरी लगेच घेईन. ऑर्डर आधी कळते, वाया जात नाही, रोज ताजं पाठवायची कटकट पण नाही.

डबेवाली_वाशी: हे बरोबर. फक्त वेळ सांभाळा, मोठ्यांच्या पंगतीच्या अर्धा तास आधी पोरांना भूक लागते. भात तिथेच परत गरम करता येईल असं बघा, थंड मऊ भाताचा दगड होतो.

धागाकर्ती: बापरे, कायद्याचं खरंच माहीत नव्हतं, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज आत्ताच डिलीट केला. खोलीची आयडिया पण सोडली, तलावपाळीकर, उत्तर 'नाही टाकणार' असंच आहे :)

पोरांच्या ताटाचं मात्र डोक्यात बसलंय. नणंदेच्याच लग्नाच्या केटररला फोन केला, तो म्हणाला माझी हरकत नाही, पोरं किती ते सांगा. रजिस्ट्रेशन होईपर्यंत हे घरचंच कार्य म्हणून फुकट करून बघते. सासूबाई यादी करायला बसल्यात, आत्तापर्यंत १७ झालीत, त्यात एक ३४ वर्षांचे भाऊजी पण घातलेत, त्यांना तिखट सोसत नाही म्हणे.