एअरलॉक रिकामाच होत नाही, मदत हवी आहे (तातडीची)

रंकाळा_चौपाटी
मंडळी, गेममधल्या एअरलॉकनं (बेसमधून बाहेर पडायची दोन दरवाजांची खोली, जिच्यातली हवा आधी काढावी लागते) डोकं फिरायची वेळ आलीय. बटण दाबलं की आतला दरवाजा बंद होतो, व्हेंट (हवा ओढणारा-सोडणारा ब्लॉक) हवा ओढायला लागतो आणि मधेच थांबतो. बाहेरचा दरवाजा उघडतच नाही. व्हेंट वाढवले तरी तेच. काल एक मित्र आत अडकला, शेवटी ग्राइंडरनं दरवाजा कापून त्याला बाहेर काढला. आज रात्री सगळी पोरं सर्व्हरवर येणार आहेत, त्याआधी झटपट चालणारा एअरलॉक पाहिजे. व्हिडिओच्या लिंका टाकू नका, नेमकं काय करायचं तेवढं सांगा.

पंचगंगा_घाट
गेम कुठला ते लिहिलंच नाहीस. स्टेशनिअर्स असेल तर पाइपातला दाब, तापमान, वायूंचं मिश्रण सगळं बघावं लागतं. स्पेस इंजिनिअर्स असेल तर मामला सोपा आहे.

रंकाळा_चौपाटी
स्पेस इंजिनिअर्स.

पंचगंगा_घाट
बेस कुठं आहे? वर्ल्ड सेटिंगमधे ऑक्सिजन आणि एअरटाइटनेस हे दोन वेगळे पर्याय आहेत, दोन्ही चालू आहेत का? आणि कीबोर्डवरचं 'के' दाबून व्हेंटचं पान उघड, रूम प्रेशरसमोर (खोलीतला दाब) काय दिसतं ते जसंच्या तसं लिही.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली
ग्राफिक्स कार्ड कुठलं आहे भावा? मी रॅम आठवरून सोळा केली आणि गेम एकदम मऊ चालायला लागला. सावल्यांची क्वालिटी पहिल्यांदा कमी कर.

रंकाळा_चौपाटी
गेम व्यवस्थित चालतोय, एअरलॉक चालत नाही. बेस चंद्रावर. दोन्ही पर्याय चालू. रूम प्रेशर १०० वरून उतरतं आणि साठ-बासष्ट टक्क्यांवर येऊन थांबतं.

उद्यमनगर_लेथ
गळती आहे, शंभर टक्के. कुठंतरी ब्लॉक अर्धवट वेल्ड झालेला असणार नाहीतर जाळीचा कॅटवॉक लावला असशील. पूर्ण न बांधलेला ब्लॉक हवा धरत नाही. सगळ्या भिंती वेल्डर घेऊन परत फिर.

पंचगंगा_घाट
लेथ दादा, चंद्रावर गळती असती तर खोलीत हवा राहिलीच नसती. व्हेंटवर 'नॉट प्रेशराइज्ड' आलं असतं. हवा साठ टक्क्यांवर टिकून आहे म्हणजे भिंती ठणठणीत आहेत. अडचण हवा जाते कुठं, यात आहे. चौपाटी, ऑक्सिजनची टाकी किती भरलीय?

रंकाळा_चौपाटी
टाकी कायम फुल्ल असते, ऑक्सिजनची काही ददात नाही. बर्फातून ऑक्सिजन करणाऱ्या जनरेटरला भरपूर बर्फ लावलाय.

पंचगंगा_घाट
सापडलं. व्हेंट हवा ओढतो ती टाकीत भरतो. भरलेल्या कळशीत आणखी पाणी कुठं ओतणार? तुझा जनरेटर त्याच कन्व्हेयरवर (ब्लॉक जोडणाऱ्या पाइपांवर) आहे, त्यामुळं टाकीत जरा जागा झाली की तो बर्फातून ती लगेच भरून टाकतो. व्हेंट दोन लाव नाहीतर दहा, जागाच नसेल तर सगळे थांबणार. बाहेरचा दरवाजा तू व्हेंटच्या 'खोली रिकामी झाली' या कृतीवर लावला असशील. खोली रिकामी होतच नाही, मग दरवाजा उघडणार कसा?
उपाय असा: एअरलॉकसाठी वेगळी रिकामी टाकी लाव. ती फक्त एअरलॉकच्या व्हेंटला जोड, मुख्य कन्व्हेयरला अजिबात नको. जाताना हवा तिच्यात जाते, येताना तिच्यातूनच परत येते.

स्क्रिप्टवाली_सायली
एवढे पाइप ओढण्यापेक्षा प्रोग्रामेबल ब्लॉकमधे (कोड चालवणारा ब्लॉक) एअरलॉकची तयार स्क्रिप्ट, म्हणजे कोड, टाका. दरवाजांना नावं दिली की पुढचं सगळं तीच बघते.

पंचगंगा_घाट
सायली ताई, टाकी भरलेली असेल तर स्क्रिप्टसुद्धा हवा कुठं नेणार? शिवाय स्क्रिप्टसाठी एक्सपेरिमेंटल मोड ही वेगळी सेटिंग लागते, ती प्रत्येक सर्व्हरवर चालू नसते.

स्क्रिप्टवाली_सायली
स्क्रिप्टमधे ठरावीक सेकंदांनंतर दरवाजा उघडायची सोय करता येते. उरलेली हवा गेली तर जाऊ दे की! माणूस आत अडकण्यापेक्षा ते परवडलं.

उद्यमनगर_लेथ
हे मात्र पटलं. एका ब्लॉकची खोली केली तर त्यात हवा असून असून किती असणार? मी तर ओढतच नाही, सरळ सोडून देतो. बर्फ रग्गड आहे आणि वेळ शून्य लागतो.

पंचगंगा_घाट
चौपाटी, तुझा एअरलॉक केवढा आहे?

रंकाळा_चौपाटी
सात बाय पाच, उंची तीन. रोव्हर (चाकांची गाडी) आत घ्यायचाय ना.

उद्यमनगर_लेथ
अरे मग हा हँगर झाला की! १०५ ब्लॉक. मोठ्या ग्रिडचा (बेस बांधायच्या मोठ्या मापाचा) एक ब्लॉक अडीच मीटरचा, म्हणजे साडेपंधरा घनमीटरच्या वर. तुझी खोली सोळाशे घनमीटरच्या पुढं गेली. एवढी हवा दर खेपेला ओढायची आणि परत भरायची, मग झटपट कुठून होणार? रोव्हरला श्वास लागत नाही. हँगर निर्वातच ठेव, त्याच्या भिंतीत माणसापुरता एका ब्लॉकचा एअरलॉक बसव.

खगोल_कट्टा
खऱ्या अंतराळ स्थानकावरही हीच रीत आहे. २००१ साली बसवलेल्या क्वेस्ट एअरलॉकचे दोन भाग आहेत. सूट आणि अवजारांचा मोठा भाग वेगळा, बाहेर पडायचा भाग लहान. बाहेर जाताना लहान भागातलीच हवा काढतात. त्यातली बरीचशी पंपानं स्थानकात परत घेतात आणि उरलेली बाहेर सोडतात. १९६५ मधे लिओनोव्ह पहिल्यांदा यानाबाहेर गेले तेव्हा एअरलॉक फुगवायचा होता. परतताना सूट इतका फुगला की आतला दाब कमी करूनच त्यांना आत शिरावं लागलं.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली
सुनीता विल्यम्सचे स्पेसवॉक मिळून ६२ तास ६ मिनिटं होतात. महिलांमधे विक्रम आहे.

रंकाळा_चौपाटी
माहिती छान आहे, पण आठ वाजता पोरं येणार आहेत. हँगर निर्वात ठेवला तर आतल्या आत हेल्मेट काढून रोव्हर दुरुस्त करता येणार नाही.

उद्यमनगर_लेथ
हेल्मेट घालूनच वेल्डिंग करायचं असतं. आमच्या शॉपमधे बिनचष्म्याचा माणूस ग्राइंडरजवळ उभा राहू देत नाही.

स्क्रिप्टवाली_सायली
पाऊस बघता आज लाइट जाण्याचीच शक्यता जास्त. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटाच्या इशारा पातळीकडं चाललंय. सर्व्हर ज्याच्या घरी आहे त्याला इन्व्हर्टर आहे का बघा.

रंकाळा_चौपाटी
इन्व्हर्टर आहे. वेगळी टाकी लावली, दाब शून्यावर आला आणि बाहेरचा दरवाजा उघडला! पंचगंगा भावा, लई उपकार झाले. हँगरच्या भिंतीत एका ब्लॉकचा एअरलॉकही केला, तो तर डोळ्याची पापणी लवायच्या आत रिकामा होतो. आता एकच प्रश्न. एकानं आतून आणि दुसऱ्यानं बाहेरून एकाच वेळी बटण दाबलं की दोन्ही दरवाजे उघडतात आणि बेसची हवा जाते.

पंचगंगा_घाट
जायचा आणि यायचा असे दोन टायमर (ठरवलेल्या कृती करणारे ब्लॉक) आहेत ना? प्रत्येकाची पहिली कृती 'दुसरा टायमर ऑफ' आणि सगळं झाल्यावर 'दुसरा टायमर ऑन'. दरवाजा बंद झाल्यावर दरवाजाही ऑफ कर, म्हणजे कुणी हातानं उघडणार नाही. पण तो पूर्ण मिटेपर्यंत थांब. आधीच ऑफ केलास तर अर्ध्यात अडकतो आणि फटीतून हवा जाते. सरकता दरवाजा मिटायला किती वेळ घेतो ते बघून टायमरला एक सेकंद जास्त दे.