पहिल्यांदाच इनडोअर सायकलिंगचा क्लास, सीट किती वर ठेवू?

प्रश्न:
सोमवारपासून इनडोअर सायकलिंगचा क्लास लावतेय. वय ५२, गुडघे अधूनमधून कुरकुरतात. सीट नेमकी किती वर ठेवायची? बाकीच्यांच्याच वेगाने मारायला हवं का?

उत्तर १:
सायकलीशेजारी उभ्या राहा, सीट कमरेच्या हाडाच्या उंचीला आणा. पेडल अगदी खाली गेलं की गुडघा किंचित वाकलेला हवा, साधारण २५ ते ३५ अंश. सीट खाली राहिली की गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो.

उत्तर २:
वेगाच्या नादी लागू नका. रेझिस्टन्स, म्हणजे पेडल किती जड फिरेल ते, अगदी सैल ठेवला की बूड सीटवर आपटत राहतं. आणि बऱ्याच सायकलींत चाक पेडलला जोडलेलं असतं, पाय थांबवले तरी पेडल फिरतच राहतं. थांबायला रेझिस्टन्सचा नॉब (गोल खुंटी) खाली दाबतात. चढण्याआधी हे शिकून घ्याच.

उत्तर ३:
पहिल्याच दिवशी जीव तोडून मारू नका, कळकळीने सांगतेय. नंतर मांड्या खूप सुजल्या, लघवी काळपट झाली तर तडक डॉक्टर गाठा. स्नायू तुटून मूत्रपिंडांवर बेततं.

प्रश्नकर्ती:
नॉबचं माहीतच नव्हतं! शिक्षिकेला आधी तेच विचारते. पॅडवाली शॉर्ट घेऊ का?

उत्तर १:
घ्या. आतून दुसरं काही घालू नका, शिवण काचते.